गोळी लागली, हरीण पळालं: आता काय?

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. त्याच्या महिनाभर आधीपासून मला फोन सुरू होतात. ‘काका, .३०८ घेऊ की .३०-०६?’ ‘दुर्बीण कुठली बसवू?’ माझं उत्तर ठरलेलं असतं: दोन्हींतली कुठलीही रायफल घे, हरणाला फरक कळत नाही, बूट मात्र चांगले घे. महत्त्वाचा फोन येतो तो शनिवारी सकाळी सातच्या सुमारास, आणि तोही कुजबुजत. ‘काका, लागलीय बहुतेक. पण पळालं.’ पुढचं सगळं त्या फोनसाठी लिहितोय.

आधी कायदा, कारण हे वाचणारे काहीजण गावाकडे असतील. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार गुन्हा आहे. पिकात घुसलं म्हणून आपल्या मर्जीनं बार काढला तरी गुन्हाच. तेव्हा मी बोलतोय ते अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, ज्याला इथे व्हाइटटेल म्हणतात, आणि तेही राज्याच्या नैऋत्येला रिचलंड सेंटरच्या आसपास, जिथे डोंगरकड्यांवर ओक आणि खाली मक्याची शेतं आहेत. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. अनुभवी माणसाच्या हाताखाली मेंटर्ड परवान्यावर जायची सोय वेगळी आहे. एच-वन-बीवाल्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगतो: तुमच्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, आणि तिला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. त्यामुळे आधी परवाना, मग बंदूक. उलट क्रम नको. शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नाही. आणि कमरेच्या वरचे कपडे निदान अर्धे नारिंगी किंवा भडक गुलाबी हवेत. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, शेजारच्या शिकाऱ्याला दिसतो.

मी कोल्हापूरचा. आमच्या संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळवीट धरायचे, त्याच्या गोष्टी लहानपणी भरपूर ऐकल्या. चित्त्यानं एकदा धरलं की विषय संपला. गोळीचं तसं नसतं. अगदी हृदयात गोळी बसलेलं हरीणही शंभर यार्ड धावतं, आणि नवख्याला वाटतं आपला नेम चुकला.

नेमाबद्दल थोडक्यात. हरीण आडवं उभं असताना किंवा तिरकं होऊन तुमच्यापासून दूर तोंड केलेलं असतानाच घोडा दाबा. पुढच्या पायाच्या फऱ्यामागे, छातीच्या खालच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश उंचीवर. समोरून तोंड करून उभं आहे, पळतंय, झाडीतून अर्धं दिसतंय, असं असेल तर बंदूक खाली. मचाणावर चढला असाल तर हार्नेस बांधलेला हवा आणि बंदूक मागाहून दोरीनं वर ओढून घ्यायची, रिकामी.

बार झाल्यावरची पहिली मिनिटं

लगेच दुसरी गोळी चढवा आणि नजर हरणावरून हलवू नका. जागच्या जागी कोसळलेल्या हरणावर सर्वांत कमी विश्वास ठेवायचा. पाठीच्या मणक्याच्या वरच्या काट्याला गोळी चाटून गेली तर हरीण धाडकन पडतं आणि अर्ध्या मिनिटात उठून निघून जातं. तोवर शिकारी फोटो काढायला खिशात हात घालत असतो.

हरीण कसं गेलं, यात निम्मी माहिती असते. मागचे दोन्ही पाय झाडून उडी मारली आणि मग जमिनीलगत वाकून, शेपूट खाली पाडून, झाडाझुडपांना धडकत सुसाट पळालं, तर बहुधा हृदय किंवा फुप्फुस. पाठीची कमान करून, अंग आखडून, थोडं धावून चालायला लागलं, मध्येच थांबलं, तर पोट किंवा यकृत. एक पाय लोंबकळत असेल तर तो दिसतोच. शेपूट उभारून पांढरा झेंडा दाखवत गेलं तर नेम चुकला असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. आवाजही ऐका. बरगडीवर बसलेल्या गोळीचा आवाज कडक येतो, पोटावरचा पोकळ, धप्प.

आता खाली उतरायची घाई करू नका. बसल्या जागेवरून दोन खुणा पक्क्या करा: हरीण उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ती जागा. ‘त्या ओकच्या जवळ’ असं मनाशी म्हणाल, तर खाली उतरल्यावर तिथे तसले चाळीस ओक निघतात. मचाणावरून फोनवर फोटो काढा आणि त्यावर बोटानं गोल करा. फोनमधल्या होकायंत्रावर दिशा बघून ठेवा. घड्याळ बघा. मग थर्मास उघडून चहा घ्या. छाती-फुप्फुसात गोळी बसल्याची खात्री असली तरी अर्धा तास बसायचंच. हरीण तोवर मेलेलं असेल तर थांबून काही बिघडत नाही, आणि मेलेलं नसेल तर थांबल्यानंच मिळतं.

जागेवर काय सापडतं

अर्ध्या तासानं, आवाज न करता, हरीण उभं होतं त्या जागी जा. बोलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. तिथे वाकून बघा. गोळी किंवा बाण (इथे धनुष्यबाणाचाही हंगाम असतो) केस कापून जातो, आणि केसांवरून जागा कळते. लांब, जाड, टोकाला काळे केस पाठीचे. तपकिरी-करडे मध्यम केस बरगड्यांवरचे. पांढरे पोटाखालचे किंवा मांडीच्या आतले. राठ, काळपट, थोडे वळलेले केस छातीच्या खालच्या हाडावरचे, आणि ते सापडले तर गोळी खाली गेली असं समजायचं.

मग रक्त. गुलाबी-लाल आणि बारीक बुडबुड्यांचं, धार काढताना चरवीत येतो तसा फेस असलेलं, ते फुप्फुसाचं. अशा मागावर फार चालावं लागत नाही. भरपूर, तेजस्वी लाल आणि बुडबुडे नाहीत, तर हृदय किंवा मोठी रक्तवाहिनी असू शकते, पण नुसत्या मांसाचं रक्तही तसंच दिसतं. फरक पुढे कळतो. मांसाची जखम पहिले शंभर यार्ड जोरात वाहते, मग थेंब होतात, मग थांबते. काळपट, डाळिंबाच्या सालीकडे झुकणारा गडद लाल रंग यकृताचा. पातळ, पाणचट रक्त, त्यात हिरवट-तपकिरी कण, अर्धवट चघळलेला मका किंवा पाला, म्हणजे कोथळा फुटला. बाण असेल तर त्याचा वास घ्या. घरी वजडी धुताना ज्यांनी पाहिलंय त्यांना तो वास ओळखायला शिकवावं लागत नाही. बाणाला पांढरट, ओशट चरबी लागली असेल तर बाण कडेनं गेलाय, पाठीवरून किंवा छातीच्या हाडाखालून.

आणि काहीच नसेल तर? तर नेम चुकला असं लगेच धरू नका. उंचावरून मारलेली गोळी वर शिरते आणि बाहेर पडत नाही, तेव्हा रक्त आत छातीच्या पोकळीत साठत राहतं. बाहेर थेंब पडायला तीस-चाळीस यार्ड जावे लागतात. हरीण ज्या वाटेनं गेलं त्या वाटेवर निदान दीडशे यार्ड शोधल्याशिवाय ‘चुकली’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पळताना खुरांनी उकरलेली माती आणि उलटा पडलेला पाला हाही मागच आहे.

किती थांबायचं

इथेच हरणं हरवतात. जखमी हरणामागे कुणी लागलं नाही, तर ते सहसा दोनेकशे यार्डांत दाट जागा बघून बसतं. बसलं की उठत नाही, तिथेच मरतं. पण त्याला माणसाची चाहूल लागली की ते उठतं, आणि उठलेलं हरीण मैलभर जाऊ शकतं. पोटाच्या जखमेतून बाहेर रक्त फारसं येत नाही, छिद्र आतड्यानं बुजतं, त्यामुळे दुसऱ्यांदा उठलेल्या हरणाचा माग उरत नाही.

म्हणून माझे आकडे असे. फुप्फुस-हृदय: अर्धा तास. यकृत: चार तास. कोथळा, आतडी: आठ ते बारा तास. हे बाणाला लागू तितकंच गोळीलाही. रायफल मोठी आहे म्हणून कोथळ्याची वेळ कमी होत नाही. कुठे लागली ते कळतच नसेल तर चार तास. पायाच्या किंवा नुसत्या मांसाच्या जखमेबद्दल जुन्या शिकाऱ्यांत वाद आहे. काहीजण म्हणतात लगेच मागे लागा, चालत राहिलं तर रक्त वाहत राहतं. माझ्या मते बंदूक हातात आहे, उजेड आहे आणि पाय मोडलेला डोळ्यांनी पाहिलाय, तेव्हाच तसं करावं.

गेल्या हंगामात नागपूरच्या एका तरुणानं कड्यावरून असाच फोन केला. हरणी पाठ वाकवून चालत गेली, जागेवर गडद रक्त, थोडंच. त्याला सांगितलं, उलट्या पावली मागे ये, गाडीत बस, गॅस स्टेशनवर जाऊन काहीतरी खा. त्याला ते पटत नव्हतं, तीनदा फोन केला. दुपारी आम्ही दोघं गेलो. हरणी १४० यार्डांवर जंगली गुलाबाच्या काटेरी जाळीत पडलेली, थंड झालेली, यकृतातून गोळी आरपार. ती जाळी सकाळी तो जिथे उभा राहून शोधायला निघाला होता तिथून दिसत होती.

थांबण्याच्या आड तीन गोष्टी येतात: पाऊस, ऊन आणि कोयोटी (लांडग्याच्या कुळातला, मेलेलं हरीण खाणारा इथला प्राणी). पाऊस येणार असेल तर पहिले पन्नास यार्ड हळूच जाऊन माग कुठे वळतो तेवढा बघून खूण करून परत यावं. पण कोथळ्याच्या जखमेला पावसातही उठवू नये. पावसानं रक्त धुतलं तरी दोनशे यार्डांत बसलेलं हरीण शोधता येतं. उष्णतेचं खरं आहे. मांस ४ अंश सेल्सिअसच्या वर राहिलं की बिघडायला लागतं, आणि सप्टेंबरमधल्या धनुष्यबाणाच्या हंगामात रात्रभर थांबलं तर काही भाग टाकावा लागू शकतो. मी तरीही थांबतो. नोव्हेंबरात रात्री पाणी गोठतं, तेव्हा हा प्रश्नच येत नाही.

माग काढताना

दोघं जा, फार तर तिघं. एकानं शेवटच्या थेंबाजवळ उभं राहायचं, दुसऱ्यानं पुढे शोधायचं. नवा थेंब मिळाला की पहिल्यानं तिथे यायचं. पाच-सहा जण ‘मदतीला’ आले की सगळा माग पायाखाली जातो. मागावरून चालायचं नाही, मागाच्या कडेनं. प्रत्येक थेंबाजवळ फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवा. पंधरा-वीस तुकडे झाले की मागे वळून बघा, हरणाची रेघ दिसते आणि ती कुठे चाललीय याचा अंदाज येतो. पाऊस आला की कागद विरघळून जातो, काढायला परत जावं लागत नाही.

थेंब नुसता जमिनीवर बघू नका. कमरेएवढ्या गवताच्या काडीवर, झुडपांच्या पानांवर, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बघा. रक्त किती उंचीवर पुसलं गेलंय त्यावरून जखमेची उंची कळते, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना असेल तर गोळी आरपार गेलीय. पळत्या हरणाचे थेंब लांबट पडतात आणि त्यांचे शिंतोडे जाण्याच्या दिशेला असतात. उभं राहिलं असेल तर गोल थेंबांचा ढीग. ओक-मेपलच्या पडलेल्या पानांवर लाल ठिपके असतातच, आणि संध्याकाळच्या उजेडात ते हुबेहूब रक्त वाटतात. त्यासाठी फवाऱ्याच्या छोट्या बाटलीत औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवा. रक्तावर पडलं की फेस येतो, पानाच्या ठिपक्यावर येत नाही.

माग तुटला तर शेवटच्या थेंबाजवळ काहीतरी नारिंगी बांधा आणि तिथून लहान अर्धवर्तुळं काढत पुढे जा. दमलेलं हरीण चढ टाळून उताराला लागतं असं म्हणतात, आणि बहुतेकदा लागतंही, पण कड्यावर चढून मेलेली हरणंही मी पाहिलीत. पोटाला लागलेलं हरीण पाण्याकडे जातं, म्हणून ओढा, तळं, ओली दलदल आधी बघा. कावळे एका जागी गोळा होऊन ओरडत असतील तर माग सोडून तिकडे जा.

दोन नियम विसरू नका. विस्कॉन्सिनमध्ये गोळी मारायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंत. त्यानंतर माग काढायला जाताना बंदूक गाडीत बंद. हरीण जिवंत दिसलं तर मागे फिरा, उजाडल्यावर या. दुसरं, हरीण शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे गेलं तर परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही. जखमी हरीण तुमचं असलं तरी जमीन त्याची आहे. हंगामाच्या आधी, ऑक्टोबरात, चारही बाजूंच्या शेतकऱ्यांना भेटून नंबर घेऊन ठेवा. माझ्या पलीकडे दुधाचा धंदा करणारे एक आजोबा आहेत. त्यांच्या धारेच्या वेळा मला पाठ आहेत, कारण धार चालू असताना ते फोन उचलत नाहीत. दरवर्षी त्यांना चकल्यांचा डबा जातो.

कुत्रा

तासाभरात माग पुढे सरकला नाही तर कुत्रेवाल्याला फोन करा. साखळी बांधलेल्या कुत्र्यानं माग काढायला इथे परवानगी आहे, आणि युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संस्थेकडे राज्यवार कुत्रेवाल्यांची यादी असते. बरेचसे कुत्रे राठ केसांचे डॅशहुंड असतात. आखूड पायांचा तो प्राणी बघून आपली माणसं हसतात, मग गप्प होतात. तो नुसत्या रक्ताच्या मागे जात नाही. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असते, तिचा त्या-त्या हरणाचा वेगळा वास जमिनीवर राहतो. म्हणून दुसऱ्या दिवशीही, रक्त दिसत नसतानाही, तो त्याच हरणामागे जातो. अट एकच: आठ मित्रांनी रांग करून रान तुडवायच्या आधी त्याला बोलवा. बुटांना लागलेलं रक्त तुम्ही सगळीकडे पसरवता आणि कुत्र्याला दहा खोटे माग मिळतात. उष्णता टिपणाऱ्या ड्रोनचं प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, भाड्यानं घेण्याआधी नियम वाचा.

कुत्र्यालाही काही सापडलं नाही, रक्त सुकलं, आणि वाटेत कुठेही हरीण बसल्याच्या जागी रक्ताचं थारोळं नाही, तर ती मांसाची जखम होती आणि हरीण जगण्याची शक्यता चांगली आहे. पण कोथळ्याचा हिरवा माल जागेवर दिसला असेल तर हे लागू नाही. तिथे सगळी दाट झाडी पट्टे पाडून तपासायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. हंगामातला एक दिवस जातो. जाऊ दे.

सापडल्यावर

पाठीच्या बाजूनं जवळ जा, पायांच्या बाजूनं नाही. लांबूनच डोळे बघा. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे असतात. मिटलेले असतील तर ते जिवंत आहे, आणि शिकारीची वेळ चालू असेल तर लगेच दुसरी गोळी. उघडे असले तरी लांब काठीनं बुबुळाला स्पर्श करून बघा, पापणी हलली नाही की मग हात लावा.

पोट उघडताना सुरीचं पातं वर करून, दोन बोटांनी कातडी उचलून धरत न्या, म्हणजे कोथळ्याला टोक लागत नाही. गुदद्वाराभोवती आधी मोकळं करा, मग छातीचा पडदा कापा, श्वासनलिका वरून तोडा, सगळं एकत्र बाहेर येतं. कोथळा गोळीनंच फुटला असेल तर आत बादलीनं पाणी ओतून धुऊन घ्या, पुसून कोरडं करा, आणि हिरवट लागलेलं मांस सरळ कापून टाका. आतल्या बाजूच्या टेंडरलॉइनच्या पट्ट्या अशा वेळी बहुधा जातात. फरे, मांड्या, बॅकस्ट्रॅप (पाठीच्या कण्यालगतचं मऊ मांस) वाचतात. गोळीच्या छिद्राभोवतीचं काळंनिळं मांस हात आखडता न घेता काढा. त्यात शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजायच्या आत डीएनआरकडे (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे) ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करा. मग तपासणी. या भागात हरणांच्या मेंदूचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला आणि आता पसरलाय. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे, आणि शिजवून तो जात नाही. डीएनआरच्या पेट्या गावोगाव ठेवलेल्या असतात, तिथे चारेक इंच मानेसकट डोकं पिशवीत घालून सोडायचं. तपासणी फुकट. अहवाल यायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर मांसाच्या पाकिटांवर तपासणीचा नंबर लिहून फ्रीजरमध्ये वेगळी ठेवा. दोन हरणांचं मांस एकत्र करू नका.

अहवाल चांगला आला की फऱ्याचा तांबडा रस्सा करा. त्याआधी सगळी पांढरी चरबी खरवडून काढा, ती थंड झाली की टाळ्याला चिकटून बसते. तिच्याऐवजी तेल थोडं जास्त, आणि कुकरला बोकडाच्या मटणापेक्षा दोन शिट्ट्या जादा. बॅकस्ट्रॅप रश्शात घालायचा नाही, तो तव्यावर मीठ-मिरपूड लावून दोन-दोन मिनिटं.